कर्ण्यातली शाबासकी

पार्मा शहरात स्वतःला गाता आलं नाही तरी कोणी नावं ठेवत नाही. दुसऱ्याचं गाणं पाडता मात्र आलं पाहिजे. इथला म्हातारा दात पडल्यावर कवळी बसवून घेतो ती जेवणासाठी नव्हे, नावडत्या गायकाला हाणायच्या शिट्टीसाठी. थिएटरच्या अगदी वरच्या, अगदी स्वस्त माळ्यावर ही मंडळी बसतात. खाली मखमली खुर्च्यांत बसणारे टाळ्या वाजवतात, कारण त्यांनी तिकिटाला भरपूर पैसे मोजलेले असतात आणि ते पाण्यात गेले हे कोणालाच कबूल करायचं नसतं. वरच्या माळ्यावर ही अडचण नाही.

त्या माळ्यावरचीही निवडक माणसं म्हणजे मंडळ. एका दारूच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी सकाळी त्यांची बैठक भरे. बारा खुर्च्या, बारा सभासद. खुर्ची रिकामी व्हायची एकच वाट होती आणि ती स्मशानातून जात होती. भिंतीवर गायकांच्या तसबिरी, आणि त्या सगळ्या बॅरिटोनांच्या.

बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधला आवाज. त्याच्या वर टेनर, त्याच्या खाली बास. ऑपेरात टेनर प्रेम करतो, बास शाप देतो नाहीतर आशीर्वाद देतो, आणि उरलेला सगळा संसार बॅरिटोनच्या गळ्यात पडतो. मुलीचा बाप तोच, तापट भाऊ तोच, फसवला गेलेला नवरा तोच आणि फसवणारा मित्रही तोच. मध्यमवर्गीय माणसाला तो जवळचा वाटतो याचं कारण यापेक्षा जास्त सांगायला नको.

त्यातही मंडळाला फक्त कर्ण्याच्या जमान्यातल्या तबकड्या चालत. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गाई, त्या आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई थरथरे आणि मेणावर रेघ ओढली जाई. बस्स. ना वीज, ना सजावट. "कर्णा खोटं बोलत नाही," असं मंडळाचे अध्यक्ष, 'काव्हालिएरे' किताबाचे मानकरी बोकी म्हणत. बोकींचा धंदा डुकराच्या सुकवलेल्या मांड्यांचा, पण कानांचा अभिमान असा की टोपीसुद्धा कानांच्या वर घालत. ते तबकडी ऐकताना डोळे मिटून म्हणत, "ही खरखर ऐकलीत? आजकालच्या लोकांना अशी खरखर जमायची नाही." आणि बाकीचे अकरा जण माना डोलवत.

तेरावी मान दाराशी डोलायची. ती एर्मेते अझ्झालीची. एर्मेते वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. उभ्या आयुष्यात त्याने शहरातल्या प्रत्येक तराजूवर संशय घेतला होता, आणि निवृत्तीनंतर संशय घ्यायला काही उरलं नाही म्हणून तो संगीताकडे वळला. सभासद नसलेल्या माणसाला खोलीच्या दाराशी, हातात पेला घेऊन, उभ्याने ऐकायची परवानगी होती. तेवढ्या परवानगीवर एर्मेतेचे केस पांढरे झाले.

मग एका थंडीत सभासदांपैकी नोटरीसाहेब वारले. खुर्चीवरच्या उशीला त्यांच्या बैठकीचा खळगा तसाच होता. एर्मेतेने स्मशानातच अध्यक्षांच्या कानाशी लागून अर्ज केला.

"नियम माहीत आहे?" बोकींनी विचारलं. शवपेटी अजून पुरती खाली गेली नव्हती.

"माहीत आहे."

नियम सोपा होता. उमेदवाराने आपल्या पसंतीचा एक बॅरिटोन मंडळाला ऐकवायचा. तबकडी संपेपर्यंत कोणी शिट्टी वाजवली नाही, तर खुर्ची त्याची. एक जरी शिट्टी पडली, तर पुन्हा दाराशी, आणि तेही पुढच्या मयतापर्यंत. मागच्या खेपेला एका वकिलाची उमेदवारी सुई तबकडीला टेकायच्या आधीच पडली होती. का पडली, हे कोणी सांगू शकलं नाही, पण ती योग्यच पडली याबद्दल दुमत नव्हतं.

"गायक कोण?" बोकींनी विचारलं.

"एजिस्तो मान्तेल्ली."

बोकींनी मूठभर माती टाकायला उचललेला हात तसाच थांबला.

मान्तेल्ली हा याच गावचा. आयुष्यात एकदाच तो इथल्या थिएटरात गायला, आणि बोकींच्या, मंडळातल्याच तान्झींच्या, झालंच तर नोटरीसाहेबांच्याही आजोबांनी त्याला शिट्ट्या वाजवून पळवून लावलं. असं सांगतात की त्या रात्री खानावळीतल्या वाढप्याने त्याच्या सूपवर चीज किसायलाही नकार दिला. पार्मात याहून कडक शिक्षा कायद्यात नाही. मान्तेल्ली गेला तो परत आला नाही. कुठेतरी परक्या गावात कर्ण्यात चार गाणी गाऊन मेला.

एर्मेते नेमका त्याच्याच घरात, चीजच्या दुकानावरच्या मजल्यावर राहत होता. गावाने एका मोठ्या गायकावर अन्याय केला आणि तो आपण धुऊन काढणार, असं तो मानत असे. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कोणाची तबकडी त्याच्याकडे नव्हती. ही एक त्याला क्रेमोनाच्या जुन्या बाजारात, एका मोडक्या पाळण्यात सापडली होती. गाणं होतं 'त्यांचं'. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं पार्मात त्या संगीतकाराचं नाव कोणी घेत नाही. नुसतं 'ते' म्हटलं की टोप्या उतरतात. तुरुंगाच्या दाराशी उभा राहून एक बाप मुलाची क्षमा मागतो, असं ते गाणं. शेवटी आवाज खाली, अगदी खाली उतरतो, आणि तिथे एर्मेतेच्या डोळ्यांत दर खेपेला पाणी येई.

एर्मेतेची बायको ईसिदे हिला हा सगळा खटाटोप पसंत नव्हता.

"खुर्चीच हवी ना?" ती म्हणाली. "घरात सहा आहेत. एकावर तरी नीट बसतोस का?"

"तुला कळायचं नाही."

"तेच मी म्हणते. घरात एकाला कळतंय ते पुरे आहे. मला मंडईत जायचंय."

पहिलं काम तबकडी धुण्याचं. त्यासाठी काही विचारायची गरज नव्हती, पण एर्मेते जिन्यात तबकडी हातात धरून उभा राहिला आणि पार्मातल्या जिन्यात काहीही हातात धरून उभं राहिलं की सल्ला मिळतोच. पियानो शिकवणाऱ्या सिन्योरा क्लेलिया म्हणाल्या, व्हिनेगर. चीजवाला म्हणाला, कोमट दूध. तळमजल्यावरचा गिरेत्ती म्हणाला, ग्राप्पा. गिरेत्तीचा शब्द वजनदार, कारण त्याने जन्मभर थिएटरच्या दारात तिकिटं फाडली होती. ग्राप्पाने सगळं निघतं, असं तो म्हणाला, आणि त्यात तो खोटं बोलला नाही. लाखेची तबकडी दारूत विरघळते, हे एर्मेतेला कडेचा बोटभर भाग गुळगुळीत झाल्यावर समजलं. त्या काळी तबकडीच्या सुरुवातीला गायकाचं नाव आणि मागून शहर मोठ्याने पुकारत असत. त्यातलं नाव नेमकं धुऊन निघालं. आता तबकडी लावली की आधी "...ल्ली, मिलानो" एवढंच ऐकू येई आणि मग एकदम बाप तुरुंगाशी.

"नाव गेलं, गाणं राहिलं," गिरेत्ती म्हणाला आणि उरलेली ग्राप्पा वाया जाऊ नये म्हणून बसला.

दुसरी अडचण वेगाची. तबकडीवर वेग लिहिलेला नव्हता. त्या काळी चावीचं यंत्र जसं फिरेल तसं भरत, आणि वाजवताना ते थोडं जरी जोरात फिरलं की भारदस्त बॅरिटोनचा चिरका टेनर होतो. मंदावलं की तोच गायक विहिरीत पडल्यासारखा बोलतो. एर्मेतेला हे सहन होईना. ज्याने आयुष्यभर किलोला किलो भरायला लावलं, त्याच्या घरात एका माणसाचा आवाज दिवसाला तीनदा बदलावा. त्याने तबकडीखाली कागदाची पट्टी चिकटवली, घड्याळ हातात धरलं आणि फेरे मोजायला बसला. मोजता मोजता मान गोल फिरून त्याला भोवळ आली.

सिन्योरा क्लेलियांनी पियानोवर सूर देऊन पाहिला. "सिन्योर अझ्झाली, हा माणूस बोकडाच्या पट्टीत गातोय. खाली आणा." एर्मेतेने खाली आणलं. "अजून." त्याने अजून आणलं. मग ईसिदे स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता तो तुझ्या भावासारखा वाटतोय, जेवण झाल्यावरचा." तेव्हा कुठे लक्षात आलं की क्लेलियांचा पियानोच नदीकाठच्या ओलीने वर्षानुवर्षं उतरत आलेला आहे आणि त्यांचे सगळे विद्यार्थी त्याच उतरत्या सुरात मोठे होऊन आता गावभर शिकवतायत. क्लेलियांनी झाकण आपटलं आणि पुढे पंधरवडाभर एर्मेतेला जिन्यात ओळख दाखवली नाही.

शेवटी ईसिदेनेच धूळ पुसता पुसता यंत्राचा खिळा इकडून तिकडे फिरवला. "इथे राहू दे," ती म्हणाली. "इथे तो काहीतरी सांगतोय असं वाटतं." एर्मेतेने पट्टी लावून मोजून पाहिलं. आकडा कशातच बसत नव्हता. पण त्याने तो तसाच ठेवला आणि आपणच शोधला असं सगळीकडे सांगितलं.

तिसरी अडचण सरकारी. दुकानाच्या खोलीत बाहेरच्या माणसाने संगीत वाजवायचं म्हणजे परवाना. परवान्याच्या खिडकीवर एक लोकरी मफलर बसलेला होता आणि मफलरच्या आत एक कारकून.

"कलाकार प्रत्यक्ष हजर राहणार की यांत्रिक?" कारकुनाने विचारलं.

"तो वारला."

"म्हणजे यांत्रिक."

"आवाज यांत्रिक. तो स्वतः वारला."

"त्याच्या वर्तनाची जबाबदारी कोण घेणार?"

"मेलेल्या माणसाच्या?"

"सिन्योरे, गेल्या वर्षी एकाने तबकडी लावली, तिच्यातला माणूस राजाविषयी काहीतरी बोलला. आता राजा नाही, आणि तो माणूसही नव्हता. तरी मला दोन खुलासे द्यावे लागले." कारकुनाने विचार केला. "मेलेला आहे ना? मग श्रद्धांजली सभा म्हणून देतो. त्याला परवाना लागत नाही. पण श्रद्धांजली सभेत टाळ्या, आरडाओरडा, शिट्ट्या यांना मनाई आहे, हे लक्षात ठेवा."

एर्मेते घरी तरंगतच आला. सरकारनेच शिट्टीला मनाई केली होती. हे त्याने गिरेत्तीला सांगितलं, तेव्हा गिरेत्तीने त्याच्याकडे फार दयेने पाहिलं आणि म्हणाला, "लाव बघू ती तबकडी. मला एकदा शेवटपर्यंत ऐकू दे. मागच्या वेळी मी ग्राप्पाकडे बघत होतो."

तबकडी लागली. बापाने क्षमा मागितली. आवाज खाली गेला, विरला. आणि मग, दर खेपेप्रमाणे, कर्ण्याच्या पोटातून एक घोगरा माणूस ओरडला, "ब्राव्हो, बेने," आणि दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.

एर्मेतेला हा भाग फार प्रिय होता. जगात कोणीतरी मान्तेल्लीला शाबासकी दिली होती, त्याचा हा पुरावा.

गिरेत्तीचा चेहरा उतरला. "हे काय आहे?"

"शाबासकी. भरणाऱ्या कंपनीचे लोक असतील. त्या काळी ओरडायचे तसं."

"एर्मेते, मी जन्मभर दारात उभा होतो. पैसे घेऊन टाळ्या वाजवणारे मी वासावरून ओळखायचो. ही भाडोत्री टाळी आहे."

"बंद खोलीत? कर्ण्यासमोर?"

"तेच तर. थिएटरात एकवेळ समजतो. पण जिथे ऐकायला काळं कुत्रं नाही तिथेही टाळीवाले घेऊन जाणारा गायक? बोकी ऐकतील तर तुला नदीत बुडवतील."

पार्माच्या माळ्यावर बेसूर गाणाऱ्याला माफी मिळू शकते, निदान त्याच्या नातवाला तरी. भाडोत्री टाळीला नाही. एर्मेते त्या रात्री जेवला नाही, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

उपाय गिरेत्तीनेच काढला. शेवटचा स्वर विरला की लगेच सुई उचलायची. दिसायला सोपं होतं. पण आधी उचलली तर बापाच्या तोंडची क्षमा अर्धीच राही, आणि उशिरा उचलली तर नुसतं "ब्रा" निसटे, जे पूर्ण ब्राव्होपेक्षा वाईट, कारण त्यात लपवाछपवी दिसते. एर्मेते रोज सराव करू लागला. ईसिदे भाजी चिरता चिरता निकाल सांगे. "लवकर." "उशीर." "आता मधेच मारलास त्याला." एकदा हात घसरून सुई आडवी ओढली गेली आणि तेव्हापासून तुरुंगाच्या दाराशी प्रत्येक फेऱ्याला कोणीतरी टिचकी मारू लागलं. गिरेत्ती म्हणाला, पहारेकरी आहे असं सांगू.

रविवार उजाडला. एर्मेतेने लग्नातला काळा कोट घातला. तो आता पुढून जमत नव्हता, पण मागून चांगला दिसत होता. यंत्र गिरेत्तीच्या हातगाडीवर, कर्णा एर्मेतेच्या खांद्यावर, तबकडी ईसिदेच्या हातात. ईसिदे येणार नव्हती. पण तिने चुलीवर रस्सा मंद ठेवला, त्यात सोडायचे सारण भरलेले अनोलिनी फडक्याखाली झाकले आणि टोपी घालून निघाली. "तुम्ही दोघं पाडाल," एवढंच म्हणाली.

खोलीत अकरा सभासद आणि एक खळगा. दात काढण्याचा धंदा करणारे तान्झी दातकोरणं चघळत होते. बोकींनी टोपी कानांच्या आणखी वर सरकवली. बायकांना खोलीत बसायची मुभा नव्हती, म्हणून ईसिदे खोलीच्या दाराशी, नवऱ्याच्या नेहमीच्या जागी, उभी राहिली.

एर्मेतेने नाव पुकारलं, कारण तबकडी ते पुकारू शकत नव्हती. मान्तेल्ली म्हणताच सात-आठ जणांनी ओठ ओले केले. तो आवाज एर्मेतेने ऐकला. मग त्याने नवी सुई बसवली आणि टेकवली.

"...ल्ली, मिलानो."

आणि मग एक गोष्ट घडली जी या गावात फारशी घडत नाही. अकरा तोंडांचं ते मंडळ गप्प झालं. कर्ण्यातून तो म्हातारा बाप बाहेर आला, टिचक्या मारणाऱ्या पहारेकऱ्यासकट, आणि त्या खोलीत उभा राहिला. मोठ्या स्वराला आवाज जरा लांबून आला, कारण तिथे गायकाला खांद्याला धरून मागे ओढत, नाहीतर सुई उडाली असती. पण त्यामुळे तो बाप खरोखरच ढकलला गेल्यासारखा वाटला. मागे मोठ्या व्हायोलिनांच्या जागी भोंगा वाजत होता, कारण कर्ण्याला ती व्हायोलिनं ऐकूच येत नसत. तान्झींना एरवी त्या भोंग्याचा राग येई. आज दातकोरणं हलत नव्हतं. आवाज उतरू लागला. एर्मेतेचा हात सुईवर होता, तसाच शिकवलेला, तसाच तयार. पण त्याची नजर बोकींकडे गेली. बोकींच्या मिटलेल्या डोळ्यातून काहीतरी ओघळत होतं. पार्मातला अन्याय धुतला जात होता, थेंबाथेंबाने, मांडीविक्याच्या गालावरून. आणि एर्मेते तो थेंब हनुवटीपर्यंत जातो का ते बघत राहिला.

"ब्राव्हो, बेने," कर्ण्यातला माणूस ओरडला. टाळ्या वाजल्या.

बोकींनी डोळे उघडले. दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी अशी पडली की बाहेर दुकानातला पेला किणकिणला. आणि पार्मात एकाची शिट्टी एकटी सोडणं हा असभ्यपणा समजतात, म्हणून बाकीचे दहाही जण सामील झाले. काहींना तर कशाबद्दल ते नंतर विचारावं लागलं.

"भाडोत्री टाळी," बोकी म्हणाले. "या खोलीत. या भिंतींसमोर."

"थांबा," तान्झी म्हणाले. त्यांना नेमाने प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध बोलायची सवय होती. "शिट्टी गायकाला होती की टाळीवाल्याला?"

"टाळीवाल्याला. गायकाला मी हात लावलेला नाही."

"मग उमेदवार पडला कसा? टाळीवाला काही बॅरिटोन नाही."

"टाळीवाला तबकडीत आहे. तबकडी संपेपर्यंत शिट्टी नको, असा नियम आहे."

"श्रद्धांजली सभेत शिट्टीला कायद्यानेच मनाई आहे," एर्मेते क्षीण आवाजात म्हणाला.

"बरं झालं आठवण केलीत," तान्झी म्हणाले. "म्हणजे बेकायदेशीर शिट्टी धरायचीच नाही."

"मग बेकायदेशीर टाळीही धरायची नाही का?" कोणीतरी मागून विचारलं. "ती आधी वाजली."

वाद तासभर चालला. भोंगा, नोटरीसाहेबांचा मृत्यू, थिएटरची गळकी कौलं, तान्झींच्या धाकट्या भावाचं लग्न, सगळं त्यात येऊन गेलं. एर्मेते कर्ण्याशेजारी उभा होता. आपलं आयुष्य तराजूत घातलंय आणि दोन्ही पारडी चोरांच्या हातात आहेत, असं त्याला वाटलं. तो भाव त्याला कामावरून चांगला ओळखीचा होता. मतं घेतली तेव्हा पाच-पाच पडली आणि बोकींनी आपलं मत खिशातच ठेवलं.

"सिन्योर अझ्झाली," ते म्हणाले, "एक साधा प्रश्न. हा टाळीवाला तबकडीत आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

साधा प्रश्न म्हणून जो विचारतात तो कधीच साधा नसतो. नव्हतं माहीत म्हणावं, तर स्वतःची तबकडी शेवटपर्यंत न ऐकलेला बहिरा माणूस मंडळात कशाला? होतं म्हणावं, तर भाडोत्री माणसाला कर्ण्यात लपवून आत आणलं. एर्मेतेने खोलीभर पाहिलं. तसबिरीतले सगळे बॅरिटोन त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं. मग त्याची नजर उशीवरच्या खळग्यावर गेली. खळगा बरोबर त्याच्या मापाचा होता. वजनमापे खात्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ते न मोजता कळतं.

"माहीत होतं," एर्मेते म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला बऱ्यापैकी बॅरिटोन वाटला. "म्हणूनच तर आणली."

"म्हणूनच?"

"गावात काही लोक म्हणतात, आपल्या आजोबांनी त्या माणसावर अन्याय केला. मला दाखवायचं होतं की पार्मा चुकत नसतं. जिथे ऐकायला काळं कुत्रं नाही, तिथेही ज्याला शाबासकी विकत घ्यावी लागते, त्याला आपण ओळखलं होतं. तोंड बघताच ओळखलं होतं."

कोणीतरी "अं" केलं. चांगलं "अं" होतं ते.

बोकी पुढे झुकले. "आणि आवाज?"

एर्मेतेने तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या बापाचा क्षणभर विचार केला. अगदी क्षणभरच.

"आवाज बरा आहे," तो म्हणाला. "पण खालचे स्वर पातळ."

"पातळ," बोकी म्हणाले.

"पातळच," तान्झी म्हणाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी तरी सहमती दाखवली होती. "मी म्हणणारच होतो. आणि मधला भाग जरा नाकात."

"नाकातच," एर्मेते म्हणाला.

बोकी उठले, त्यांनी एर्मेतेच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला नेऊन नोटरीसाहेबांच्या खळग्यात बसवलं. "असा कान फार दिवसांत आला नव्हता," ते म्हणाले. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. फुकट वाजवल्या. एर्मेते खळग्यात नीट सरकून बसला. लाल फेसाळ वाइन आली. मान्तेल्लीच्या तसबिरीसाठी भिंतीवर जागा करायची की नाही, हा ठराव कोणी मांडलाच नाही, कारण तो मांडायला जो आला होता तो आता पेला भरून घेत होता.

ईसिदे दारातून आत आली. बायकांना मुभा नव्हती, पण तिला कोणी अडवलं नाही. तिने सुई बाजूला केली, तबकडी उचलली आणि आपल्या गळ्यातल्या रुमालात गुंडाळली.

"अगं थांब, मी येतोच," एर्मेते म्हणाला. "एवढा एक पेला."

"तू बस. इतक्या वर्षांनी बसायला मिळालंय," ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, त्यामुळे तो अर्धवट उठला.

"ती तबकडी कशाला नेतेस? इथेच राहू दे. आम्हाला तिच्यावर अजून बोलायचंय."

"बोला की. त्यासाठी त्यांनी इथे असायलाच हवं असं नाही." तिने रुमालाची गाठ घट्ट केली आणि तबकडी छातीशी धरली. "अनोलिनी दोघांपुरतेच केलेत. आज मी ह्यांच्याबरोबर जेवते."

आणि ती निघून गेली. एर्मेते अजून अर्धा उठलेलाच होता. पण तान्झी त्या उशीकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर त्याला आवडली नाही, म्हणून तो खाली बसला.